भाजलेल्यांची मोजदाद: भार कुठे पडतो आणि कुठे कमी करता येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: जगभरात भाजण्याच्या जखमांचा सार्वजनिक आरोग्यावर किती भार पडतो, प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा का दिसतो, आणि हा भार हलका करायचा तर सुरुवात कुठून करायची?

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भाजण्याने दरवर्षी सुमारे १,८०,००० माणसं दगावतात. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासमालेतला २०१९ सालचा अंदाज मात्र सुमारे १,१०,००० मृत्यू आणि ८० लाखांहून जास्त नव्या जखमा असा आहे. यातला एक खरा आणि दुसरा खोटा, असं समजू नका. मोजणाऱ्यांच्या पद्धती वेगळ्या असतात, आणि काय मोजायचं याचं कुंपणही वेगवेगळ्या जागी पडू शकतं.

ते कुंपण कुठे पडतं, हे आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात दिसतं. तिथे भाजण्याची नोंद दोन बाजूंनी होते. टी२० ते टी३२ हे संकेतांक शरीराला काय झालं ते सांगतात. कशामुळे झालं, ते सांगणारे संकेतांक वेगळे: आग, ज्वाळा आणि धूर यांना एक्स०० ते एक्स०९, उकळतं पाणी, वाफ, तापलेला धातू यांना एक्स१० ते एक्स१९, विजेचा झटका डब्ल्यू८५ ते डब्ल्यू८७ मध्ये. स्वतःला पेटवून घेतलं तर एक्स७६ आणि दुसऱ्याने पेटवलं तर एक्स९७. ‘आगीमुळे झालेले मृत्यू’ असा मथळा असलेल्या तक्त्यात पुष्कळदा फक्त पहिला गट असतो. त्यात गरम पाण्याने पोळलेलं मूल नसतं आणि विजेच्या तारेला चिकटलेला कामगारही नसतो. अपघाती भाजण्याचा तक्ता असेल तर आत्महत्या आणि हल्ले दुसऱ्याच खान्यात जातात. जळीत कक्षात मात्र हे सगळे शेजारशेजारच्या खाटांवर असतात.

दुसरी गळती मृत्यूच्या दाखल्यावर होते. रुग्ण भाजल्यानंतर बाराव्या दिवशी जंतुसंसर्गाने गेला आणि दाखल्यावर फक्त ‘सेप्टिसीमिया’ किंवा ‘मूत्रपिंड निकामी’ एवढंच लिहिलं, तर तो मृत्यू भाजण्याच्या हिशेबातून निसटतो. तिसरी गळती हेतूची. ‘स्टोव्ह भडकला’ या दोन शब्दांमागे खरा अपघात असू शकतो, स्वतःला संपवण्याचा प्रयत्न असू शकतो किंवा घरातल्या कुणाचा हातही. पोलीस, नातेवाईक आणि घरी परतण्याची भीती यांमुळे सुरुवातीचा जबाब सहसा अपघाताचाच असतो. म्हणून स्त्रियांच्या भाजण्याचे आकडे वाचताना ‘अपघाती’ हा शब्द मी जपून घेतो. इतर बहुतेक प्रकारच्या दुखापतींत पुरुषांचे मृत्यू स्पष्टपणे जास्त असतात. भाजण्यात मात्र स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या बरोबरीचं किंवा किंचित जास्त निघतं. उघड्यावरची चूल, असुरक्षित स्टोव्ह, सैल कपडे आणि हिंसा ही त्यामागची ओळखीची कारणं आहेत.

मृत्यू मोजून झाले तरी भाराचा मोठा भाग बाहेरच राहतो. भाजलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात, आणि त्यांचं पुढे काय होतं हे मृत्यूच्या तक्त्यात येत नाही. २००४ साली जगात जवळजवळ १ कोटी १० लाख लोक वैद्यकीय उपचार लागावेत इतके भाजले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. बांगलादेशात जवळजवळ १,७३,००० मुलं. बांगलादेश, कोलंबिया, इजिप्त आणि पाकिस्तान या चार देशांत भाजलेल्या मुलांपैकी १७ टक्क्यांना तात्पुरतं आणि १८ टक्क्यांना कायमचं अपंगत्व आलेलं आढळलं. म्हणजे दर तीन मुलांमागे एकापेक्षा थोडी जास्त. यातल्या पुष्कळ मुलांना हे अपंगत्व येण्याची गरज नव्हती. ते कसं, हे पुढे सांगतो.

मृत्यूंपैकी बहुतांश अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि जवळजवळ दोन तृतीयांश जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका व आग्नेय आशिया या दोन विभागांत. मुलांच्या बाबतीत गरीब आणि श्रीमंत देशांतल्या मृत्युदरात सात पटींहून जास्त फरक आहे. श्रीमंत देशांनी हा फरक केवळ चांगल्या रुग्णालयांच्या जोरावर साधलेला नाही. घरातून उघडी ज्योत गेली, वीज आली, इमारतींना नियम लागले, कपड्यांना आणि उपकरणांना मानकं लागली. भाजणं हा बराचसा वस्तूंचा आजार आहे. कोणती वस्तू, किती तापमान, किती वेळ आणि शरीरापासून किती लांब, एवढ्यावर बहुतेक गोष्टी ठरतात.

तापमान आणि वेळ यांचं नातं मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ साली प्रयोगांनी मांडलं आणि ते आजही वापरात आहे. ४४ अंश सेल्सियसला त्वचेला इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत दर अंशाला ही वेळ साधारण निम्मी होत जाते. नळाच्या गरम पाण्याचा विचार केला तर ४९ अंशांना प्रौढाची त्वचा खोलवर भाजायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागतो, ५४ अंशांना अर्धा मिनिट आणि ६० अंशांना पाच सेकंद. ७० अंशांना एक सेकंदही पुरतो. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ असते, त्यामुळे त्यांच्यासाठी हे आकडे आणखी कमी धरावेत. शिवाय मूल टबातून स्वतः बाहेर येऊ शकत नाही, आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला पाय पोळतोय हे कळतच नाही.

या तक्त्यावरून एक कायदा झाला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९८३ साली घरगुती वॉटर हीटर ४९ अंशांवर लावूनच विकायचा नियम केला. पुढच्या काही वर्षांत नळाच्या पाण्याने पोळून दाखल होणाऱ्या मुलांची संख्या घटली. कुणाला काही शिकवावं लागलं नाही, कारखान्यात एक बटण वेगळ्या जागी लावलं गेलं. यात एक खाच आहे: टाकीतलं पाणी सतत ४९ अंशांवर ठेवलं तर फुप्फुसाचा आजार करणारा लिजिओनेला जंतू वाढू शकतो. म्हणून वसतिगृहं, वृद्धाश्रम, रुग्णालयं अशा ठिकाणी टाकी ६० अंशांवर ठेवून नळाआधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवतात आणि नळातून निघणारं पाणी निववतात. व्हॉल्व्ह क्षाराने अडकतो, त्यामुळे नळाखाली थर्मामीटर धरून अधूनमधून तपासावं लागतं. हे तपासणं बंद पडू देऊ नये.

रॉकेलची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. शुद्ध रॉकेलचा ज्वलनांक ३८ अंशांच्या वर असावा लागतो, म्हणजे नेहमीच्या हवेत त्याची वाफ ठिणगीने सहज पेट घेत नाही. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली ४० अंशांच्या आसपास असतो. रॉकेलच्या पिंपात किंवा टँकरमध्ये पेट्रोल थोडंसं जरी मिसळलं, तरी मिश्रणाचा ज्वलनांक खोलीच्या तापमानाखाली येतो आणि दिवा किंवा स्टोव्ह भरतानाच स्फोट होतो. एकाच वस्तीतून एका आठवड्यात असे तीन-चार रुग्ण आले तर भेसळीचा संशय घ्यावा, उरलेलं इंधन जपून ठेवायला सांगावं आणि पुरवठा थांबवण्यासाठी आरोग्य खात्याला कळवावं. अशा वेळी रुग्णांना ‘काळजी घ्या’ सांगून काहीच होत नाही. तापलेला स्टोव्ह विझवून लगेच भरला तर शुद्ध रॉकेलही धोकादायक ठरतं, कारण टाकीच ३८ अंशांपुढे गेलेली असते. भडका उडाल्यावर पाणी टाकलं तर तेल पाण्यावर तरंगून आग पसरते. ओलं जाड कापड किंवा वाळू टाकून हवा तोडायची.

दिव्याच्या बाबतीत श्रीलंकेचे शल्यचिकित्सक विजया गोडाकुंबुरा यांचं काम पाहण्यासारखं आहे. रिकाम्या बाटलीत वात घालून केलेले घरगुती दिवे कलंडतात आणि तेल अंगावर सांडतं. त्यांनी १९९२ पासून जाड काचेचा बुटका, जड दिवा बनवून वाटायला सुरुवात केली. त्याच्या दोन बाजू सपाट आहेत, म्हणून तो पडला तरी गडगडत नाही. झाकण आट्याचं आहे, म्हणून तेल सांडत नाही. या कामाला १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. खरं उत्तर वीजच, हे उघड आहे. पण वीज येईपर्यंतची वर्षं लोकांना काढायची असतातच.

जगात अजून सुमारे २१० कोटी लोक लाकूड, कोळसा, शेण किंवा रॉकेलवर स्वयंपाक करतात. चूल जमिनीवर असेल तर रांगणारं मूल आणि तिच्यात कसलाही अडसर नसतो. ओटा कमरेएवढा उंच करणं, चुलीभोवती मुलाला ओलांडता न येणारा कठडा, भांड्याला हलणार नाही अशी बैठक, यांना फार खर्च येत नाही. गॅस आला की रॉकेलचे भडके कमी होतात, पण धोक्याचं रूप बदलतं. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो, वरची खिडकी उघडून तो जात नाही. वास आला की आधी दिव्याच्या बटणाला हात न लावता दार उघडायचं आणि सिलिंडर बंद करायचा. गॅस देणाऱ्या कार्यक्रमांनी नळी आणि रेग्युलेटर बदलण्याची सोयही त्यासोबत दिली नाही, तर काही वर्षांनी गॅसच्या भडक्याने चेहरा आणि हात भाजलेले रुग्ण वाढू शकतात.

एक कारण नेहमी विसरलं जातं: अपस्मार. फिट येऊन उघड्या चुलीत पडलेल्या माणसाची जखम फार खोल असते, कारण शुद्ध नसल्याने तो हात मागे घेत नाही. अशा रुग्णाला रुग्णालयातून सोडताना फिटच्या गोळ्या नियमित सुरू नसतील, तर तो परत येतो. फेनोबार्बिटाल हे फार स्वस्त औषध आहे. अपस्मारावर उपचार करणं हा भाजणं टाळण्याचाच एक उपाय आहे.

कायद्याने साधलेली आणखी काही उदाहरणं भराभर सांगतो. अमेरिकेने १९५३ साली ज्वलनशील कापडांचा कायदा केला. तिथे १९९४ पासून लहान मुलांना पेटवता येऊ नयेत असे लायटर सक्तीचे झाले. ओढली नाही तर आपोआप विझणाऱ्या सिगारेटी न्यूयॉर्क राज्याने २००४ साली सक्तीच्या केल्या आणि युरोपीय संघाने २०११ साली. बांगलादेशाने २००२ साली ॲसिडच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा आणि ॲसिडहल्ल्यांना शिक्षा देणारा असे दोन कायदे केले, आणि पुढच्या वर्षांत हल्ले खूप घटले. धोक्याची जाणीव देणाऱ्या शिबिरांवर आणि भित्तिपत्रकांवर पैसा जातो, तेवढा परिणाम त्यांचा एकट्यांचा दिसत नाही. वस्तू बदला किंवा विक्री रोखा, हा मार्ग राजकीयदृष्ट्या अवघड असतो, म्हणून तो मागे पडतो.

आता भाजल्यानंतरचं. इथे वेळ हाच मोठा घटक आहे.

पहिला उपाय घरातच: वाहत्या, थंड पण बर्फाळ नसलेल्या पाण्याखाली सलग २० मिनिटं. साधारण १५ अंशांचं पाणी उत्तम, पण नळाचं कुठलंही चालेल. भाजून तीन तास होईपर्यंत याचा फायदा मिळतो, त्यामुळे ‘आता उशीर झाला’ म्हणून सोडून देऊ नये. बर्फ लावू नका, रक्तपुरवठा आकसून जखम खोल होते. अंगठ्या, बांगड्या, पट्टे सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, लोणी, अंडं, माती यांमुळे जखम किती खोल आहे ते कळत नाही आणि जंतू आत जातात. नंतर स्वच्छ कापड किंवा स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म लांबीच्या बाजूने अंथरा, गुंडाळून आवळू नका. मूल लहान असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल तर जखम गार करा, पण बाकी अंग गरम कपड्याने झाका. नाहीतर मूल थंडीने गारठून दगावतं. रासायनिक पदार्थ पडला असेल तर २० मिनिटं पुरत नाहीत, त्याहून जास्त वेळ धुवावं लागतं.

रुग्णालयात पहिली चूक टक्केवारीची होते, म्हणजे शरीराची किती टक्के त्वचा भाजली ते मोजण्याची. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे साधारण एक टक्का. ‘नऊचा नियम’ प्रौढांसाठी आहे: डोकं नऊ, प्रत्येक हात नऊ, प्रत्येक पाय अठरा टक्के. वर्षाच्या बाळाचं डोकं १८ टक्के आणि प्रत्येक पाय सुमारे १४ टक्के असतो. मुलांसाठी १९४४ पासून वापरात असलेला लुंड आणि ब्राउडर यांचा तक्ता भिंतीवर लावणं हा सगळ्यात सोपा उपाय. नुसता लालसरपणा टक्केवारीत धरू नये. त्याने आकडा फुगतो आणि मग सलाईनही.

प्रौढात १५ ते २० टक्क्यांपुढे आणि मुलात १० टक्क्यांपुढे शिरेतून द्रव द्यावा लागतो. किती द्यायचा ते सांगणारं पार्कलँड सूत्र: ४ मिलि गुणिले किलो वजन गुणिले टक्केवारी, रिंगर लॅक्टेट हे सलाईन, पहिल्या २४ तासांसाठी, त्यातला निम्मा भाग भाजल्यापासूनच्या पहिल्या आठ तासांत. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर ७,२०० मिलि, आणि आठ तासांत ३,६०० मिलि, तासाला ४५०. तोच रुग्ण पाच तास उशिरा आला तर उरलेल्या तीन तासांत तासाला १,२०० मिलि देण्याची वेळ येते, आणि घड्याळ बघून ते आंधळेपणाने दिलं तर फुप्फुसात पाणी भरतं. आज अनेक ठिकाणी प्रौढांत २ मिलिपासून, मुलांत ३ आणि विजेच्या जखमांत ४ मिलिपासून सुरुवात करतात. सूत्र फक्त सुरुवात देतं. खरा मार्गदर्शक लघवी असते. प्रौढात तासाला किलोमागे अर्धा मिलि, मुलात सुमारे एक मिलि. जास्त सलाईनमुळे हातपाय, पोट आणि श्वासनलिका सुजतात, आणि हे नुकसान कमी सलाईनइतकंच खरं आहे. विजेच्या झटक्यात कातडीवरची टक्केवारी फसवते, कारण आतले स्नायू मेलेले असतात. लघवी काळसर दिसली तर प्रौढात तासाला ७५ ते १०० मिलि येईल इतका द्रव द्या.

बंद खोलीतून आलेल्या, नाकातले केस जळलेल्या आणि आवाज बसलेल्या रुग्णाची श्वासनलिका तासाभरात बंद होऊ शकते. नळी घालायचा निर्णय सूज यायच्या आत घ्यायचा. मृत्यूचा धोका किती ते सांगणाऱ्या बॉ स्कोअरची बेरीज साधी आहे: वय अधिक टक्केवारी, आणि धूर आत गेला असेल तर त्यात १७ मिळवतात.

रुग्ण पहिल्या दोन दिवसांतून तरला तर पुढचा शत्रू जंतू. मेलेली कातडी म्हणजे जंतूंसाठी वाढलेलं ताट. ती आपोआप गळायची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांत थराथराने खरवडून काढावी आणि लगेच त्वचारोपण करावं, ही पद्धत स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या झोरा यान्झेकोविच यांनी १९७० साली मांडली. जिथे ती नीट चालते तिथे तरुण रुग्ण ७० टक्के भाजूनही वाचतात. जिथे रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि रोज उघडी असणारी शस्त्रक्रियेची खोली नाही, तिथे ४० टक्क्यांवरही आशा कमी असते. हा फरक औषधांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. पुरेशा खाटा असूनही नर्सेस कमी असतील, तर हात न धुता एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेलेला स्यूडोमोनस किंवा ॲसिनेटोबॅक्टर यांसारखा जंतू अख्खा कक्ष व्यापतो. २०१५ साली रुमेनियातल्या बुखारेस्टमधल्या ‘कोलेक्टिव्ह’ क्लबच्या आगीतल्या ६४ मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त नंतरच्या दिवसांत रुग्णालयांत झाले, आणि जंतुसंसर्ग हा तिथल्या चर्चेचा मुख्य विषय ठरला.

खाणं हा औषधाचाच भाग धरावा. मोठ्या जखमेत शरीराची उर्जेची गरज जवळजवळ दुप्पट होऊ शकते आणि प्रथिनं दररोज किलोमागे दीड ते दोन ग्रॅम लागतात. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या नावाखाली रोज उपाशी ठेवलं जातं, आणि शस्त्रक्रिया रोज पुढे ढकलली जाते. असे गमावलेले दिवस कुणीच नोंदवत नाही.

आता त्या १८ टक्के मुलांकडे येऊ. तीन आठवड्यांत न भरलेली जखम जाड, खेचणारा व्रण देते. त्यामुळे तीन आठवडे थांबून त्वचारोपण करू या, हा विचारच नुकसान करतो. दुसरी गोष्ट ठेवण्याची. दुखतं म्हणून रुग्ण हात अंगाशी, कोपर वाकवून आणि मान खाली घालून पडून राहतो, आणि नेमक्या त्याच स्थितीत सांधे आखडतात. मान भाजली असेल तर डोक्याखाली उशी नको, खांद्यांखाली घडी हवी. काख ९० अंशांत उघडी, कोपर सरळ, मनगट सुमारे ३० अंश वर, बोटांचे मुळाशी असलेले सांधे ७० ते ९० अंश वाकलेले आणि पुढची पेरं सरळ. प्लॅस्टरचा स्प्लिंट साध्या साहित्यात बनतो. भाजल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो लावावा. मूल वाढतं, पण व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून एकदा सोडवलेला सांधा काही वर्षांनी पुन्हा आखडतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागते. दाबाचे कपडे दिवसाचे सुमारे २३ तास, वर्षभर घालावे लागतात. शहरापासून लांब राहणाऱ्या कुटुंबाला एवढा पाठपुरावा जमत नाही, हे धरूनच कार्यक्रम आखावा. जवळच्या आरोग्य केंद्रात एक फिजिओथेरपिस्ट तयार करणं हे नव्या मोठ्या जळीत कक्षापेक्षा पुष्कळ ठिकाणी जास्त उपयोगी पडतं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर ढोबळ हिशेब असा: प्रत्येक टक्क्याला रुग्णालयात एक दिवस. ३० टक्के म्हणजे महिनाभर, आणि शस्त्रक्रिया लवकर होत नसेल तर त्याहून जास्त. दक्षिण आफ्रिकेत रॉकेलच्या स्टोव्हमुळे भाजलेल्यांवर वर्षाला सुमारे २ कोटी ६० लाख अमेरिकी डॉलर खर्च होतात, असा अंदाज आहे. यात घरच्या माणसाची बुडालेली रोजी धरलेली नाही.

नवा कार्यक्रम सुरू करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून नोंद ठेवावी, आणि ती छोटी ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ग्लोबल बर्न रजिस्ट्री’ २०१८ पासून चालू आहे. तिचा अर्ज जसाच्या तसा वापरता येतो. स्वतःचा बनवायचा असेल तर वय, लिंग, ठिकाण, वेळ, कशाने भाजलं, कोणतं उपकरण, टक्केवारी, धूर आत गेला का, भाजल्यापासून दाखल होईपर्यंतचे तास, थंड पाणी लावलं होतं का, आणि सोडताना सांधे कसे होते, एवढे रकाने पुरतात. हेतू नंतर, एकांतात, पुन्हा विचारून लिहावा. ‘कशाने’ या रकान्यात ‘आग’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. रॉकेलचा वातीचा स्टोव्ह, दाबाचा स्टोव्ह, गॅसची नळी, उघडी चूल, दिवा, असं वेगळं लिहिलं तरच सहा महिन्यांनी कोणती वस्तू बाजारातून काढायची ते कळतं.